कंट्रोल-सी नेमका कोणासाठी? एका घरगुती शेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

चाकण परिसरातल्या एका छोट्या कारखान्यात पंप तपासायची यंत्रं बनतात. प्रत्येक यंत्राच्या पॅनेलमध्ये लिनक्सवर चालणारा एक बारका औद्योगिक संगणक असतो. यंत्र गिऱ्हाइकाकडे बसलं की तंत्रज्ञ आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) त्यात शिरतात, लॉग बघतात, कंट्रोलर जागेवर आहे का ते पिंग करून (नेटवर्कवरून साद घालून) पाहतात, चाचण्या चालवतात आणि निकाल पेनड्राइव्हवर घेतात. पूर्वी त्यांना सरळ बॅश, म्हणजे लिनक्सचं नेहमीचं शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम), दिलेलं होतं. एकदा कुणीतरी डिस्कवर जागा करायच्या नादात मापांचा अख्खा फोल्डर उडवला. तेव्हा मालकांनी फर्मान काढलं की ठरलेल्या बारा-पंधरा आज्ञा सोडून काही चालता कामा नये. त्यातून सी भाषेत लिहिलेलं एक मर्यादित शेल जन्माला आलं. लॉगिन केलं की बॅशऐवजी तेच समोर यायचं.

मला बोलावलं तेव्हा ते लिहिणारा नोकरी सोडून गेला होता. अकराशेच्या आसपास ओळी, टिप्पण्या नावालाच. सॉफ्टवेअर सांभाळायला एकच मुलगी, पदवी घेऊन दोन वर्षं झालेली. कोड तिच्या गळ्यात पडला होता, पण तिने तो नेटाने वाचला होता. पुढे जे घडलं त्यातला बराचसा शोध तिचाच आहे. कारखाना आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. कोडमधल्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत.

शेलचा सांगाडा कुणीही लिहिल असाच होता. प्रॉम्प्ट (आज्ञा द्या असं सांगणारी खूण) छापायचा, गेटलाइन या फंक्शनने ओळ वाचायची, तिचे तुकडे करायचे, आज्ञा यादीत आहे का बघायचं, फोर्क करायचं (स्वतःची प्रत काढायची), चाइल्डमध्ये म्हणजे प्रतीत एक्झेक (तिच्या जागी आज्ञेचा प्रोग्राम आणणं), पॅरेंटमध्ये म्हणजे मूळ शेलमध्ये वेटपिड (चाइल्ड संपायची वाट बघणं), आणि पुन्हा वर. शिवाय आज्ञांची फाइल चालवायची सोय होती: शेल स्वतःचीच दुसरी प्रत सुरू करून ती फाइल तिच्या स्टँडर्ड इनपुटला, म्हणजे कीबोर्डच्या जागी, जोडायचं. रात्रपाळीत नऊ-दहा चाचण्या लावून द्यायला ही सोय रोज वापरली जायची.

तक्रारी

सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञांना सारे काका म्हणतात. त्यांचं म्हणणं साधं होतं: "मॅडम, पिंग थांबवायला कंट्रोल-सी मारलं की ते आम्हालाच बाहेर काढतंय." लिनक्सवरचं पिंग आपणहून थांबत नाही, त्यामुळे हे दिवसातून दहा वेळा व्हायचं. दर वेळी पुन्हा लॉगिन, पुन्हा पासवर्ड.

दुसरी तक्रार जरा गूढ होती. बाहेर पडायची आज्ञा कधी एकदा दिली तर पुरते, कधी तीनदा द्यावी लागते. तिसरी अशी की पेनड्राइव्हवरून आणलेला चाचणीचा प्रोग्राम चालत नाही, शेल म्हणतं 'नो सच फाइल', आणि फाइल तर डोळ्यांसमोर दिसते आहे. चौथी तक्रार ऑफिसातून आली: अहवालात 'कोड २५६' असं काहीतरी छापून येतं, ते काय आहे?

या चार तक्रारी चार वेगळ्या गोष्टी आहेत असं आम्ही धरून चाललो. तिथेच थोडं चुकलं.

पहिला उपाय, आणि तो का फसला

कंट्रोल-सीची गोष्ट तिने मला बोलावण्याआधीच हातात घेतली होती. प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेन फंक्शनच्या सुरुवातीला एक ओळ टाकली: सिगइंट, म्हणजे कंट्रोल-सीने येणारा सिग्नल, आला तर दुर्लक्ष करा. शेल पॅनेलवर चढवलं, पिंग सुरू केलं, कंट्रोल-सी दाबलं. पिंगने आपली आकडेवारी छापली, थांबलं, प्रॉम्प्ट परत आला. झालं काम! एका गिऱ्हाइकाकडे हीच आवृत्ती गेली.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. टेल (लॉगमधल्या नव्या ओळी येतील तशा दाखवत राहणारी आज्ञा) लावून लॉग बघत होते, आता टेल थांबतच नाही. कंट्रोल-सी दाबलं की पडद्यावर टोपीवाला सी उमटतो आणि लॉग पुढे वाहत राहतो. शेवटी खिडकीच बंद केली.

एकच शेल, एकच कळ. पिंग मरतं आणि टेल मरत नाही. हे का, ते समजायला कंट्रोल-सी दाबल्यावर काय होतं ते बघावं लागतं. नेहमीच्या स्थितीत ती कळ चालू प्रोग्रामपर्यंत अक्षर म्हणून पोचत नाही. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, टर्मिनलचा थर तिला मध्येच अडवतो आणि त्या टर्मिनलवर समोर चालू असलेल्या प्रोसेस-गटाला (एकत्र धरलेल्या चालू प्रोग्रामांच्या गटाला), गटातल्या सगळ्यांना, सिगइंट म्हणजे २ क्रमांकाचा सिग्नल पाठवतो. आमच्या शेलने गट वेगळे केलेच नव्हते. त्यामुळे शेल आणि त्याचं चाइल्ड एकाच गटात, आणि सिग्नल दोघांनाही. मूळ तक्रारीचं कारण हेच: पिंगबरोबर शेलही मरत होतं, आणि लॉगिन शेल मेलं की एसएसएच दार लावून घेतं.

आता दुर्लक्ष करायची ती ओळ. फोर्कमध्ये सिग्नलची सगळी व्यवस्था चाइल्डकडे वारशाने जाते. एक्झेकमध्ये त्यातली अर्धी पुसली जाते: हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) लावलेला असेल तर तो जातो, कारण नव्या प्रोग्राममध्ये ते फंक्शनच नसतं, आणि सिग्नल मूळ वागणुकीवर येतो. पण 'दुर्लक्ष' असेल तर ते एक्झेकनंतरही तसंच राहतं. म्हणजे टेल जन्मालाच बहिरं आलं होतं. पिंग सुटलं, कारण पिंगला जाता जाता आकडेवारी छापायची असते, म्हणून ते सुरू होताच सिगइंटसाठी स्वतःचा हँडलर लावतं. तिने चाचणीला नेमकं तेच एक उदाहरण घेतलं होतं जे तिची चूक झाकून टाकणार होतं. यात तिचा काय दोष, तक्रारच पिंगची होती.

दुसरा उपाय, आणि मेकफाइल

मग दुर्लक्षाऐवजी हँडलर आला. जुन्या सिग्नल या फंक्शनने लावलेला, आणि आत प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनने नवी ओळ आणि प्रॉम्प्ट. तिच्या लॅपटॉपवर टेल मरत होतं, पिंग मरत होतं, शेल जगत होतं. फक्त प्रॉम्प्ट कधी कधी दोनदा दिसायचा: एकदा हँडलरने छापलेला, एकदा मुख्य लूपने. सौंदर्याचा प्रश्न, नंतर बघू म्हणून सोडून दिला.

तेच शेल पॅनेलवर गेलं आणि पुन्हा मूळपदावर. प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी दाबलं की शेल बंद. टेल चालू असताना पहिलं कंट्रोल-सी बरोबर चालतं, दुसऱ्यांदा दाबलं की बाहेर. मी या टप्प्यावर आलो. तिचे दोन दिवस यात गेले होते, आणि पॅनेलच्या कर्नलवर संशय घेण्यापर्यंत मजल गेली होती.

दोन्हीकडे एसट्रेस (प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) लावून बघितलं. लॅपटॉपवर हँडलर नोंदवताना एसए_रीस्टार्ट (अडलेलं काम पुन्हा सुरू करा) हा फ्लॅग दिसत होता, पॅनेलवर एसए_रीसेटहँड (हँडलर एकदाच वापरा). स्रोत तोच, वागणूक वेगळी. तिने लॅपटॉपवर हाताने जीसीसी हा कंपायलर चालवून बांधणी केली होती. पॅनेलसाठीच्या मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) मात्र कडक सी९९ (सी भाषेचं १९९९ चं प्रमाण) आणि पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणाचा २००८ चा मॅक्रो होता.

सिग्नल या फंक्शनचा हा जुना घरचा वाद आहे. सिस्टिम व्ही या युनिक्सच्या एका घराण्याच्या परंपरेत हँडलर एकदा चालला की गळून पडतो आणि पुढचा सिग्नल मूळ वागणुकीने घेतला जातो. बीएसडी या दुसऱ्या घराण्याने तो टिकवला, आणि १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून अडलेला सिस्टिम कॉल (कर्नलकडे मागितलेलं काम) आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची सीची नेहमीची लायब्ररी, नेहमीच्या बांधणीत बीएसडीची बाजू घेते. पण कडक सी९९ मागितलं आणि तिचा डीफॉल्ट-सोर्स मॅक्रो स्वतः दिला नाही, तर त्याच नावाखाली सिस्टिम व्हीचं फंक्शन हाती देते. कंपायलर याबद्दल चकार शब्द काढत नाही.

दुसऱ्या कंट्रोल-सीने शेल का मरत होतं ते कळलं. पहिल्याने प्रॉम्प्टवर का बंद होत होतं त्याचं कारण आणखी साधं. कॉल पुन्हा सुरू होत नाही म्हटल्यावर गेटलाइन उणे एक घेऊन परत येते, आणि मूळ लेखकाने उणे एक म्हणजे इनपुट संपलं असं धरून सरळ बाहेर पडायचा रस्ता लिहिला होता.

खरं पोटात गोळा आणणारं दृश्य मात्र तिसरं होतं. पंपाच्या चाचणीचा प्रोग्राम सिगइंट पकडतो, व्हॉल्व्ह हळूहळू बंद करतो आणि मग संपतो. त्याला तीन-चार सेकंद लागतात. पॅनेलवर कंट्रोल-सी दाबताच वेटपिडही ईइंटर (सिग्नलमुळे काम मध्येच तुटलं, अशी चूक) घेऊन परत यायचं, शेलला वाटायचं चाइल्ड संपलं, आणि प्रॉम्प्ट समोर यायचा. तिकडे व्हॉल्व्ह अजून अर्धा उघडा. तंत्रज्ञ पुढची चाचणी सुरू करायला मोकळा.

हे दिसल्यावर मी म्हटलं, आता एकेक भोक बुजवायचं थांबवू. कागद घेऊन बसलो.

पर्याय

कागदावर सगळ्यांत वर तिने एक प्रश्न लिहिला: या क्षणी कंट्रोल-सी कोणासाठी आहे? प्रॉम्प्टवर असताना अर्धवट टाइप केलेल्या ओळीसाठी. चाइल्ड चालू असताना चाइल्डसाठी. फाइल चालू असताना? इथे आम्ही दोघेही अडखळलो, आणि ते उत्तर नंतरसाठी ठेवलं. ही चूक होती, ते पुढे येईलच.

पहिला पर्याय सगळ्यांत स्वस्त. शेलमध्ये दुर्लक्ष, आणि चाइल्डमध्ये फोर्कनंतर, एक्झेकच्या आधी, मूळ वागणूक परत. पाच ओळींचं काम. उणीव एवढीच की प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी दाबलं तर नवा प्रॉम्प्ट येत नाही. गंमत म्हणजे टाइप केलेली ओळ तरीही जाते, कारण टर्मिनलचा थर सिग्नल पाठवताना स्वतःची इनपुटची रांगही रिकामी करतो. माणसाला मात्र पडद्यावर ती ओळ दिसत राहते. दिसतं एक आणि असतं दुसरं.

दुसरा पर्याय: हँडलर ठेवायचा, पण त्याने एक फ्लॅग (सिग्नल आल्याची खूण) वर करण्यापलीकडे काही करायचं नाही. एसए_रीस्टार्ट मुद्दाम द्यायचा नाही, म्हणजे गेटलाइन ईइंटर घेऊन परत येईल आणि काय करायचं ते लूप ठरवेल. प्रिंटएफ हँडलरमधून हद्दपार. सिग्नल नेमका प्रिंटएफच्या किंवा मेमरी देणाऱ्या मॅलॉकच्या मध्यावर आला आणि हँडलरनेही तेच बोलावलं, तर कुलूप आतून लागतं. आमच्याकडे असं अडकलेलं मी पाहिलं नाही, पण पॉझिक्सच्या सुरक्षित फंक्शनांच्या यादीत राइट आहे आणि प्रिंटएफ नाही, एवढं मला पुरेसं होतं.

तिसरा पर्याय तिने कुठल्याशा जुन्या कोडमध्ये पाहिला होता: हँडलरमधून सिगलाँगजंप करून थेट लूपच्या माथ्यावर उडी. लिहायला फार सोपं. पण गेटलाइन आतून मॅलॉक करते. उडी नेमकी त्या वेळी पडली तर मेमरीच्या ढिगाची अवस्था काय असेल ते कोण सांगणार? हा पर्याय पाच मिनिटांत सोडला.

चौथा म्हणजे खऱ्या शेलांचा राजमार्ग. प्रत्येक चाइल्डला स्वतःचा प्रोसेस-गट द्यायचा आणि टीसीसेटपीजीआरपीने टर्मिनल त्याच्या हवाली करायचं. मग चाइल्ड चालू असताना सिगइंट शेलकडे येतच नाही. हे तिला हवं होतं, आणि शिकायच्या दृष्टीने तिचं बरोबरच होतं. मी विरोधात होतो. गट ठरवणारं सेटपीजीआयडी पॅरेंट आणि चाइल्ड दोन्हीकडे करावं लागतं, नाहीतर कोण आधी धावतो यावर निकाल ठरतो. टर्मिनल परत घेताना शेल मागच्या गटात असतं, म्हणून सिगटीटीओयूकडे (अशा वेळी कर्नल पाठवतो त्या थांबवणाऱ्या सिग्नलकडे) दुर्लक्ष करावं लागतं. आणि कंट्रोल-झेडने थांबलेल्या चाइल्डचं काय करायचं, याचं उत्तर द्यावं लागतं. आमच्याकडे पार्श्वभूमीत काही चालवायची सोयच नव्हती.

कंट्रोल-झेडवरून एक किस्सा. तिच्या लॅपटॉपवर, बॅशमधून आमचं शेल चालवताना, ते दाबलं की शेल आणि चाइल्ड दोन्ही थांबून बॅशचा प्रॉम्प्ट यायचा. पॅनेलवर दाबलं की काहीच नाही. कारण तिथे आमचं शेल हेच सेशनचं प्रमुख, त्याचा गट कर्नलच्या लेखी अनाथ, आणि अनाथ गटाला थांबवणारा सिग्नल कर्नल टाकून देतो. पुन्हा उठवायला कुणी नसतं ना. तिने मान्य केलं की न मागता मिळालेली ही सुरक्षितता आहे, राहू दे.

दुसरा पर्याय ठरला.

काय केलं

सिग्नल हे फंक्शन कोडमधून पूर्ण काढलं, सगळीकडे सिगअ‍ॅक्शन. ते १९८८ च्या पहिल्या पॉझिक्सपासून आहे, आणि काय हवं ते फ्लॅगमधून स्पष्ट सांगावं लागतं, त्यामुळे मेकफाइलच्या लहरीवर काही राहत नाही. हँडलरमध्ये एकच ओळ. फ्लॅगचा प्रकार, हँडलरमधून बिनधोक बदलता येणारा, व्होलाटाइल सिग_अ‍ॅटॉमिक_टी. कंट्रोल-बॅकस्लॅशने येणाऱ्या सिगक्विटकडे शेल दुर्लक्ष करतं.

गेटलाइनने उणे एक दिलं की आता तीन रस्ते. इनपुट खरंच संपलं असेल तर सभ्यपणे बाहेर. ईइंटर असेल तर प्रवाहावरची चूक झाल्याची खूण क्लीअरएररने पुसायची, नवी ओळ, नवा प्रॉम्प्ट. दुसरी कुठलीही चूक असेल तर संदेश देऊन बाहेर, नाहीतर तुटलेल्या टर्मिनलवर लूप गरगरत बसतं आणि प्रोसेसर खातं. फ्लॅग तपासणं आणि वाचायला बसणं यांच्यामध्ये एक बारीक फट राहते, तेवढ्यात सिग्नल आला तर प्रॉम्प्ट नव्याने येत नाही. स्वतःलाच पाइप जोडून किंवा पीसिलेक्टने ती बुजवता येते. आम्ही जाणूनबुजून ठेवली, कारण त्या फटीत फार तर माणूस कळ पुन्हा दाबेल.

वेटपिड ईइंटर येईल तितक्या वेळा पुन्हा बोलवायचं. व्हॉल्व्ह बंद होऊन प्रोग्राम खरोखर संपेपर्यंत प्रॉम्प्ट नाही.

फोर्कभोवतीचं काम सगळ्यांत नाजूक. फोर्क झाल्यावर आणि एक्झेक व्हायच्या आत सिगइंट आला, तर चाइल्डमधला वारशाने आलेला हँडलर चाइल्डच्याच प्रतीतला फ्लॅग वर करतो, ती प्रत लगेच पुसली जाते, आणि सिग्नल गायब. म्हणून फोर्कच्या आधी सिगइंट सिगप्रोकमास्कने अडवला. चाइल्डमध्ये आधी सिगइंट आणि सिगक्विट मूळ वागणुकीवर आणले, मग अडवणूक काढली, मग एक्झेक. हा क्रम उलटा करून चालत नाही. आणि अडवणूक काढायची विसरली तर पुन्हा बहिरं टेल, कारण मास्कही (अडवलेल्या सिग्नलांची यादी) एक्झेकपलीकडे जातो. ती एकदा विसरलीच. पण तोवर तपासायच्या यादीत टेल पहिल्या क्रमांकावर आलं होतं, म्हणून दोन मिनिटांत सापडलं.

चुका कोणाच्या घरात घडतात

बाहेर पडायची आज्ञा तीनदा का द्यावी लागते, याचं उत्तर याच जागी सापडलं. एक्झेक फसलं की मूळ कोड संदेश छापून लूपच्या माथ्यावर जात होता, पण हे सगळं चाइल्डमध्ये! म्हणजे चाचणीचं नाव दर वेळी चुकलं की शेलवर आणखी एक शेल चढायचं, आणि खालचं वरच्याची वाट बघत बसायचं.

तिने चाइल्डमध्ये एक्झिट टाकलं. रास्त वाटणारी दुरुस्ती. दोन दिवसांनी रात्रपाळीचा अहवाल आला: नऊ ओळींची फाइल, तिसऱ्या ओळीत चाचणीचं नाव चुकलेलं, आणि निकाल आठऐवजी चौदा. चौथ्यापासून नवव्यापर्यंतच्या सहा चाचण्या दोनदा झाल्या होत्या. पंप बिचारा मुकाट्याने फिरला.

हा या प्रकरणातला माझा आवडता दोष. पॅरेंटने फाइल एकाच दमात बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) वाचली, म्हणून फाइलमधली जागा शेवटाला. फोर्कनंतर चाइल्डकडे बफरची प्रत आली, पण फाइलमधली जागा प्रत नसते, ती दोघांत सामाईक. चाइल्डने एक्झिट केलं तेव्हा ग्लिबसीने जाता जाता आवराआवर केली: 'बफरमधल्या या सहा ओळी अजून वापरल्या नाहीत, तर जागा तेवढी मागे नेऊन ठेवू.' पॅरेंटने स्वतःच्या बफरमधल्या सहा ओळी संपवल्या, पुढे वाचायला गेला, आणि त्याला त्याच सहा ओळी पुन्हा मिळाल्या. अंडरस्कोर-एक्झिट, म्हणजे नावाआधी अंडरस्कोर असलेलं एक्झिट, ही आवराआवर करत नाही. एका अंडरस्कोरचा फरक. चूक कळवणारा संदेश स्टँडर्ड एररवर जातो आणि तिथे बफर नसतो, म्हणून तोही हरवत नाही.

'नो सच फाइल'चं कोडं त्यामानाने किरकोळ. एक्झेक फसल्यावर आधी लॉगमध्ये नोंद करणारं फंक्शन बोलावलं जायचं, मग चुकीचं कारण छापणारं पीएरर. लॉगचा फोल्डर नसला की ते फंक्शन स्वतःचा ईएनओईएनटी ('नो सच फाइल') एररनोमध्ये, म्हणजे शेवटच्या चुकीचा क्रमांक असतो तिथे, ठेवून यायचं आणि खरं कारण झाकलं जायचं. खरं कारण होतं ईएसीसीईएस, म्हणजे परवानगी नाही: पेनड्राइव्ह नोएक्झेक पर्यायाने जोडलेला होता, त्यावरचा कुठलाही प्रोग्राम चालणारच नव्हता. तंत्रज्ञांनी तीच फाइल चार-चार वेळा कॉपी करून पाहिली होती. आता एररनो पहिल्याच ओळीत बाजूला काढून ठेवला जातो. प्रोग्राम नसेल तर १२७, असून चालवता येत नसेल तर १२६, इतर शेलांची रीत आहे तसं.

'कोड २५६' म्हणजे वेटपिडने दिलेला कच्चा आकडा तसाच छापला होता. एक्झिट कोड १ हा त्यात वरच्या आठ बिटांत बसतो, म्हणून २५६. डब्ल्यूआयएफएक्झिटेड आणि डब्ल्यूआयएफसिग्नल्ड वापरून तो उलगडला, आणि सिग्नलने मेलेल्याला १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक दिला. कंट्रोल-सीने थांबवलेली चाचणी आता अहवालात १३० म्हणून वेगळी दिसते.

पुढे ढकललेला प्रश्न

सगळं चढवून झालं आणि काकांनी विचारलं, "फाइल लावली असताना मध्येच कंट्रोल-सी मारलं तर सगळं थांबेल ना?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. थांबणार नव्हतं. चालू चाचणी थांबली असती आणि शेलने इमानेइतबारे पुढची ओळ घेतली असती. ज्या माणसाने घाबरून कळ दाबली, त्याच्या डोळ्यांदेखत पुढचा पंप सुरू झाला असता.

प्रचलित उत्तर असं की चाइल्ड सिगइंटने मेलं तर शेलनेही थांबावं. चाइल्डने सिग्नल पकडून आपलं आपण आवरलं आणि नीट संपलं, तर पुढे चालावं. एखादा संपादक कंट्रोल-सी स्वतःच्या कामासाठी वापरत असेल, तर त्यामुळे अख्खी स्क्रिप्ट मरू नये, हा त्यामागचा विचार. पण आमचा चाचणीचा प्रोग्राम व्हॉल्व्ह बंद करून शून्य परत करत होता. शेलच्या दृष्टीने ती उत्तम पार पडलेली चाचणी.

योग्य दुरुस्ती त्या प्रोग्राममध्ये होती: व्हॉल्व्ह बंद झाल्यावर सिगइंट मूळ वागणुकीवर आणायचा आणि स्वतःलाच पाठवायचा, म्हणजे पॅरेंटला खरं कळतं. पण तो प्रोग्राम बाहेरच्या पुरवठादाराचा. त्यामुळे निर्णय शेलमध्येच घ्यावा लागला. फाइल चालू असताना शेलचा स्वतःचा फ्लॅग वर गेला, की चाइल्डने काहीही सांगितलं तरी सगळं थांबवायचं. त्या काळात तो फ्लॅग कधीही खाली करायचा नाही. मग शेल स्वतःही सिगइंटने संपतं आणि बाहेरच्या शेलला १३० दिसतो.

हे जमलं ते आम्ही चौथा पर्याय घेतला नव्हता म्हणून. गट वेगळे केले असते तर सिग्नल फक्त चाइल्डला गेला असता आणि शेलला पत्ताच लागला नसता. माझा विरोध आळसातून आलेला होता, दूरदृष्टीतून नव्हे. श्रेय घ्यायला जागा नाही.

निष्पत्ती

बाहेर फेकलं जाण्याची तक्रार पुन्हा आली नाही. दोनदा चाललेल्या चाचण्यांचाही प्रकार पुन्हा दिसला नाही. उलट एक नवी मागणी आली: फाइलमधली एकच चाचणी सोडून पुढे जाता आलं तर बरं. मालकांनी साफ नकार दिला. थांबवलं म्हणजे थांबवलं, पुढच्या ओळींची नवी फाइल करा. मला वाटतं ते बरोबर होते, पण तंत्रज्ञ अजून कुरकुरतात.

वेगळं काय करता आलं असतं

तपासणीसाठी दोन जातींचे प्रोग्राम पहिल्या दिवसापासून हवे होते: सिग्नल स्वतः पकडणारा आणि न पकडणारा. पिंग आणि टेल ही जोडी पुरली असती. तिसरा, सिग्नल पकडून सावकाश मरणारा, हा आम्ही नंतर दहा ओळींत लिहिला आणि त्यानेच सगळ्यांत जास्त दोष पकडले. लॅपटॉपवरही मेकफाइलनेच बांधणी केली असती तर तिचे दोन दिवस वाचले असते.

आणि काकांना आधी विचारायला हवं होतं. आम्ही आज्ञांची यादी बघून ठरवत बसलो, ते मात्र रोज रात्री फाइल लावत होते.

असं शेल मुळात लिहायचंच का, हा प्रश्न मी मालकांपुढे ठेवला होता. एसएसएचमध्येच ठरावीक आज्ञा सक्तीने चालवायची सोय असते, एक साधा मेनू पुरला असता. पण अकराशे ओळी लिहून झालेल्या, तंत्रज्ञांच्या हातांना सवय झालेली, आणि नव्याने काही आणायचं तर प्रत्येक गिऱ्हाइकाकडे फेरी. ते पडलं मागे.

पुरवठादाराकडे मागणी गेली आहे. त्यांचा प्रोग्राम अजून शून्यच परत करतो. शेलमध्ये फ्लॅग बघणाऱ्या त्या ओळीच्या डोक्यावर तिने टिप्पणी लिहून ठेवली आहे: 'ही ओळ जास्तीची वाटेल. काढू नका. व्हॉल्व्ह बंद होतो, पण प्रोग्राम तसं सांगत नाही.'